शेजारच्या बाकावर



सकाळी प्रार्थनेला उभे राहिल्यावर एकदा इकडेतिकडे पाहा. कोणाचे वडील भोसरीच्या एम.आय.डी.सी.त लेथवर काम करतात, कोणाचे चाकणला गाड्यांच्या कारखान्यात पाळीने जातात, कोणाच्या घरी अम्मी शिलाईचे काम करते. कोणी घरी दखनी बोलतो, कोणी बिहारकडची बोली, तर कोणी मराठीच. तरी तुम्ही सगळे एका वर्गात बसता. अशाच वर्गात एखादा मुलगा असा असतो, की त्याला फळ्यावरचे दिसत नाही. एखाद्या मुलीला कमी ऐकू येते. एखाद्याला सांगितलेले सगळे समजते, पण पुस्तक उघडले की अक्षरे जुळत नाहीत. ही मुले कशी शिकतात, त्यांना शिकण्यासाठी काय लागते, हे आज आपण वाचू. पाठाच्या शेवटी तुमच्यासाठीही एक काम आहे.

आधी थोडे शब्दांविषयी. जुन्या पुस्तकांत तुम्हांला ‘अपंग’, ‘मूकबधिर’, ‘मतिमंद’ असे शब्द दिसतील. आता सरकारी कागदांवर ‘दिव्यांग’ असे लिहितात. ‘मूकबधिर’ हा शब्द तर पुष्कळ वेळा चुकीचाच असतो. ज्याला ऐकू येत नाही त्याचा गळा बहुधा चांगला असतो. शब्द कानावर पडत नाहीत, म्हणून ते तोंडातूनही येत नाहीत. म्हणून ‘कर्णबधिर’ म्हणणे बरे. आणि वर्गात तर यांतले काहीच म्हणण्याची गरज नाही. प्रत्येकाला नाव असते, त्या नावाने हाक मारावी.

आपल्या देशात दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्याआधी १९९५ चा कायदा होता. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार सांगितले होते. नव्या कायद्यात ते एकवीस झाले. ज्या मुलाचे अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक आहे, त्याला वयाच्या सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या नेहमीच्या शाळेत जायचे की विशेष शाळेत, हे ठरवण्याची मोकळीकही आहे. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचा दाखला लागतो, अर्ज करावा लागतो, अर्जाला मुदत असते आणि मग सवलत मिळते. पाहिलेत? हक्क, दाखला, अर्ज, मुदत, सवलत! या विषयाचे मराठी शब्द तुमच्या घरातलेच निघाले. तेव्हा मराठीतला सरकारी कागद पाहून घाबरू नका. घरच्या मोठ्यांना तो वाचून दाखवण्याचे काम तुम्हीच करू शकता.

आपल्या वस्तीत प्रेस मशीनवर बोटे गमावलेले कामगार तुम्ही पाहिले असतील. अशा माणसाला कोणी ‘मूर्ख’ म्हणत नाही. त्याची इजा सर्वांना दिसते. मात्र जी अडचण दिसत नाही, तिच्याबाबत आपण फार घाई करतो. न ऐकणाऱ्याला हट्टी म्हणतो, न वाचणाऱ्याला ‘ढ’ म्हणतो. तोच मुलगा दोन वेळा नापास झाला, की घरचे म्हणतात, “शाळा याच्या नशिबात नाही, गॅरेजवर बसवा.” चौदा वर्षांखालील मुलाला कामाला ठेवणे हा गुन्हा आहे, तरीही हे घडते. त्या मुलाची बुद्धी कोणी तपासलेली नसते. डोळे आणि कानसुद्धा तपासलेले नसतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात आठवीची एक मुलगी होती. मागून हाक मारली, तर ती ओ देत नसे. मैत्रिणी तिला घमेंडखोर म्हणत. श्रुतलेखनात ती निम्मे शब्द गाळी. एके दिवशी मी मुद्दाम पाच शब्द तिच्या समोर उभी राहून सांगितले आणि पाच तिच्या पाठीमागून. समोरून सांगितलेले पाचही बरोबर होते. पाठीमागून सांगितलेल्यांची जागा कोरी होती. ती ओठ पाहून शब्द ओळखत होती! लहानपणापासून तिचा कान वाहत असे. घरच्यांनी कानात तेल घालून पाहिले होते. (वाहत्या कानात तेल कधीही घालू नये, हे येथेच लिहून ठेवा.) दवाखान्यात तपासणी झाली, औषधे सुरू झाली. वर्गात तिची जागा पुढे आणली. बोलणाऱ्याने तिच्याकडे तोंड करावे, तोंडावर उजेड असावा आणि ओरडू नये, एवढे तीन नियम वर्गाने पाळले. ओरडले की ओठ वेडेवाकडे होतात आणि वाचता येत नाहीत. मैत्रिणींपैकी एकीने स्वतःहून आपली वही तिच्यापुढे सरकवायला सुरुवात केली. या सगळ्याला पैसा लागला नाही.

वाचनाची अडचण ओळखणे याहून अवघड आहे. तिला अध्ययन अक्षमता म्हणतात. हा मुलगा बोलण्यात चुणचुणीत असतो, तोंडी हिशेब पटकन करतो, पण वाचताना अडखळतो. मराठीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत करतो. उर्दूत तर बे, पे, ते, से यांत फक्त नुक्त्यांचा फरक! ते नुक्ते त्याला चकवतात. पण येथे एक सावधगिरी हवी. नुकताच दुसऱ्या राज्यातून आलेला मुलगा मराठीत अडखळतो, ते मराठी नवी आहे म्हणून. त्याला थोडा काळ द्यावा. जो मुलगा आपल्या भाषेतही अडखळतो, वर्षानुवर्षे अडखळतो आणि मेहनत करूनही अडखळतो, त्याची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी तज्ज्ञ करतात. शेजाऱ्याने किंवा वर्गमित्राने निदान सांगू नये. महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्यास १९९६ पासूनच सुरुवात झाली. देशाच्या कायद्यात मात्र ही अडचण २०१६ साली आली. म्हणजे त्याआधीची कितीतरी मुले ‘ढ’ हे नाव घेऊनच शाळेबाहेर पडली असतील.

कारखान्यात एखादा जॉब मशीनवर नीट बसत नसला, तर कारागीर तो जॉब फेकून देत नाही. त्याला धरून ठेवणारे फिक्श्चर तो बनवतो. तुमच्या वडिलांना विचारा, ते समजावून सांगतील. शाळेलाही असेच करावे लागते. पायऱ्यांशेजारी उतार बांधला, की चाकांची खुर्ची वर्गात येते. मोठी अक्षरे छापली, की कमी दिसणारा वाचू लागतो. चष्मा हेही असेच एक साधन आहे. आता त्याचे कोणाला नवल वाटत नाही, इतकेच.

काही मुलांना खास शिकवण्याची पद्धत आणि खास शिक्षक लागतात. त्यांच्यासाठी विशेष शाळा असतात. मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा १८८५ साली निघाली. पुण्यात अंध मुलांची शाळा १९३४ साली सुरू झाली. बौद्धिक वाढ सावकाश होणाऱ्या मुलांसाठी पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’ संस्था सुरू झाली. निगडीला तिची शाखा आहे. आळंदीला अंध मुलींसाठी ‘जागृती’ शाळा आहे. भोसरीहून ती काही फार लांब नाही.

अंध मुलगी वाचते कशी? बोटांनी! या लिपीची गोष्ट तुम्हांला आवडेल, कारण तिच्यात तुमच्या दोन्ही भाषा भेटतात.

फ्रान्समधील एका खेड्यात १८०९ साली लुई ब्रेलचा जन्म झाला. त्याचे वडील घोड्यांचे खोगीर आणि लगाम बनवत. तीन वर्षांचा असताना लुई कारखान्यात खेळत होता. चामड्याला भोक पाडण्याची टोकदार आरी त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. पुढे तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तेथे कागदावर उठवलेली मोठमोठी अक्षरे बोटांनी चाचपून वाचावी लागत. एकेका अक्षराला फार वेळ लागे, आणि लिहिणे तर जवळजवळ अशक्यच. बार्बिए नावाच्या फ्रेंच गृहस्थाने अंधारात वाचता यावी अशी बारा ठिपक्यांची एक लिपी तयार केली होती. लुईने ती पाहिली. बारा ठिपके एका बोटाखाली मावत नाहीत, हे त्याच्या लक्षात आले. त्याने सहा ठिपके घेतले. १८२४ साली, पंधरा वर्षांचा असताना, त्याने आपली लिपी तयार केली. तेव्हा तो तुमच्याच वयाचा होता.

सहा ठिपके दोन उभ्या ओळींत असतात. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. यांपैकी काही उठवायचे, काही नाही. अशा त्रेसष्ट खुणा होतात. आपल्या देशातील भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ठरली. तिच्यात समान आवाजाला समान खूण आहे. एक आणि दोन हे ठिपके उठवले, की मराठीत ‘ब’ होतो. उर्दूत तीच खूण ‘बे’. एक आणि तीन म्हणजे ‘क’ आणि ‘काफ’. एक, तीन, चार म्हणजे ‘म’ आणि ‘मीम’. कागदावर ज्या दोन लिप्या एकमेकींना ओळखत नाहीत, त्या बोटाखाली एक होतात.

आणखी एक गंमत ऐका. ब्रेल लिहिण्यासाठी खाचांची पाटी आणि बोथट टोचणी असते. कागद पाटीत अडकवून मागच्या बाजूने ठिपके टोचतात. कागद उलटला, की ते वर उठून येतात. म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे जावे लागते आणि वाचताना डावीकडून उजवीकडे. लिहिणे उर्दूसारखे, वाचणे मराठीसारखे! भाषा कोणतीही असो, नियम हाच. मराठीच्या तासाला ज्यांना दिशा बदलण्याचा कंटाळा येतो, त्यांनी आळंदीच्या त्या मुलींना आठवावे. एकाच पानासाठी त्या दोन्ही दिशांनी जातात.

आता तुमच्या कामाकडे येऊ. दहावीची परीक्षा कागदावर, शाईने द्यायची असते. अंध विद्यार्थी उत्तर जाणतो, पण ते कागदावर कोण उतरवणार? त्याच्यासाठी लेखनिक असतो. लेखनिक म्हणजे परीक्षा देणारा सांगेल ते लिहिणारा. हाताला अपंगत्व असलेल्या किंवा लिहिण्याची फार अडचण असलेल्या विद्यार्थ्यालाही दाखल्यानुसार लेखनिक मिळतो. त्यांना तासाला वीस मिनिटे जादा वेळही असतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास अधिक. आणि लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. दहावीच्या विद्यार्थ्याचा लेखनिक नववीतला किंवा आठवीतला. म्हणजे तुम्ही.

हे काम सोपे नाही. प्रश्न छापला आहे तसाच वाचायचा, आपल्या शब्दांत नाही. तो सांगेल तेच लिहायचे, एक शब्द अधिक नाही, एक कमी नाही. उत्तर चुकीचे आहे असे तुम्हांला वाटले, तरी तेच लिहायचे. ‘हं?’ असा आवाजसुद्धा काढायचा नाही. तो गुण त्याचा आहे, चूकही त्याची आहे. तुम्ही मदत म्हणून एक ओळ घातली, तर त्या पेपरातले काय त्याचे आणि काय तुमचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. घड्याळ पाहून किती वेळ उरला ते सांगायचे. अक्षर स्वच्छ हवे. लिहिलेले तो मागेल तेव्हा वाचून दाखवायचे. आणि परीक्षेच्या दिवसांत तुमचा अभ्यास बाजूला राहतो, हेही खरे. तुमची वार्षिक परीक्षा महिन्या-दीड महिन्यावर आलेली असते. म्हणून घरी विचारून, वेळ मोजून होकार द्यावा. होकार देऊन ऐन वेळी न जाणे, हे सर्वांत वाईट. त्या मुलाचे वर्ष तुमच्या हातात असते.

उर्दू माध्यमाच्या मुलाला तर लेखनिक आणखी कठीण मिळतो. त्याचा इतिहासाचा पेपर उर्दूत असतो आणि दुसऱ्या दिवशी मराठीचा असतो. दोन्ही लिप्या चटकन वाचणारा आणि लिहिणारा लेखनिक हवा. शहरात मराठी लिहिणारे पुष्कळ आहेत, उर्दू लिहिणारेही आहेत. दोन्ही लिहिणारे मात्र तुमच्यासारख्या वर्गांतच सापडतात.

सवलतींचे आणि लेखनिकाचे अर्ज शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे जातात. दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून ज्याला अडचण आहे त्याने आठवी-नववीतच वर्गशिक्षकांना सांगावे. लेखनिक ठरला, की परीक्षेआधी दोघांनी निदान तीन-चार जुन्या प्रश्नपत्रिका बरोबर सोडवाव्यात. पहिल्या दिवशी सांगणारा फार भराभर सांगतो आणि लिहिणारा मागे पडतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी दोघांची चाल जुळते.

स्वाध्याय

(१) श्रुतलेखनाच्या प्रसंगातून त्या मुलीची अडचण कशी समजली, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

(२) ‘उत्तर चुकीचे आहे असे तुम्हांला वाटले, तरी तेच लिहायचे.’ हे तुम्हांला पटते का? का पटते किंवा का पटत नाही?

(३) पाठातील असे दहा शब्द शोधा, जे उर्दूतही आहेत. त्यांपैकी कोणत्या शब्दाचा अर्थ किंवा उच्चार मराठीत थोडा बदलला आहे?

(४) करून पाहा : मित्राने डोळे मिटावेत आणि भूगोलाच्या एका प्रश्नाचे उत्तर तोंडी सांगावे. तुम्ही ते जसेच्या तसे लिहा. मग त्याला वाचून दाखवा. तुम्ही स्वतःचे किती शब्द घातले, ते त्यालाच मोजू द्या.