खाऱ्या पाण्याची टाकी: फिल्टर काय करतो, आपण काय करायचं?

मैत्रिणींनो, गटाच्या टाकीत क्लाउनफिश असतील तर पाणी नितळ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. उरलेलं खाद्य, विष्ठा कुजून अमोनिया होतो. तो वाढला की मासेही जातात, गटाचं भांडवलही. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र पाण्यातच साठतं, शेवाळ माजतं. म्हणून:

१. २-३ मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या.

२. स्किमरच्या कपातला फेस रोज ओता. घाण कुजण्याआधीच निघते.

३. स्पंज टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच खळबळा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात.

४. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला. नवं पाणी तेवढंच खारट हवं.

तपासणीत अमोनिया, नायट्राइट शून्य आले, तरच नवे मासे सोडा.