सांबार जुडीसाठी नको, धण्यासाठी पेरा

शेलूबाजार परिसरात सोयाबीन निघाले की काळ्या रानात हरभरा येतो आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विहिरीजवळच्या एखाद-दोन वाफ्यांत उरतो. माझे म्हणणे असे की ओलिताची सोय असलेल्याने यंदा अर्धा-एक एकर सांबार पेरावा, पण जुडीच्या भरवशावर नव्हे, धण्यासाठी. हिरवी जुडी 35 ते 45 दिवसांत तयार होते. मात्र ती काढल्या दिवशीच विकावी लागते, आणि थंडीत सगळ्यांचाच माल एकदम आला की भाव काढणीची मजुरीही देत नाही. समृद्धी महामार्गाने नागपूर जवळ आले, पण उतरलेला भाव तिथेही उतरलेलाच असतो. धण्याला मात्र थांबता येते. नीट वाळवलेला धना काही महिने टिकतो, म्हणून विकायचा दिवस शेतकरी ठरवतो. मध्य प्रदेशातले गुना आणि राजस्थानातले रामगंज मंडी हे पट्टे धण्यावरच उभे आहेत, आणि तिथेही हे पीक रब्बीचेच आहे.

हरभऱ्याला हमीभाव आहे, धण्याला नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हरभरा मोडू नका, त्याच्या शेजारी थोडे क्षेत्र द्या आणि पेरणीआधी मसाल्याच्या व्यापाऱ्याशी बोलून ठेवा. दुसरा आक्षेप असा की पाला कापला तर धना घटतो. तेही खरे, म्हणून पाला कापूच नये. एकरी 6 ते 8 किलो बी थोडे दाट पेरावे आणि महिन्याभराने विरळणीत उपटलेली झाडे जुड्या बांधून विकावीत. तशीही विरळणी करावीच लागते. तिची मजुरी निघाली तरी पुष्कळ झाले.

पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, वाफसा साधून करावी. धना रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवून सावलीत सुकवाव्यात आणि 2 ते 3 सेंटीमीटर खोल, ओळींत 30 सेंटीमीटर अंतर ठेवून पेराव्यात. सोयाबीनला मारलेल्या काही तणनाशकांचा अंश जमिनीत राहतो, त्यामुळे आधी चार ओळी पेरून उगवण पाहणे शहाणपणाचे. नत्र जपून द्यावे. जास्त झाले की पाला माजतो आणि दाणा पक्व होणे लांबते. ढगाळ हवेत, विशेषतः फुलोऱ्यात, मावा आणि भुरी येते. भुरी दिसताच 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक फवारावे. फुलोऱ्यात मधमाशा दाणा धरवतात, तेव्हा कीटकनाशकाची गरज पडलीच तर संध्याकाळीच फवारावे. सुमारे निम्मे दाणे हिरव्याचे पिवळसर झाले की सकाळच्या दवात कापणी करावी. उशीर केला तर दाणा झडतो. पेंढ्या कडक उन्हात न टाकता सावलीत वाळवाव्यात, कारण व्यापारी आधी हिरवट झाक पाहतो आणि मग वास घेतो.