बदलीच्या गावातला तलाव मुलांसोबत कसा ओळखायचा?



बदली झाली, नव्या गावात बिऱ्हाड टाकलं की आपण काय काय विचारतो? घरभाडं किती, दवाखाना किती लांब, मोबाईलला रेंज येते का. घराच्या मागे दिसणाऱ्या पाण्याबद्दल कोणी काही विचारत नाही. विचारलंच तर एकच, "तिकडून साप येतात का हो?" येतात. त्याबद्दल पुढे लिहितेच. पण तिसरी ते पाचवीचा परिसर अभ्यास शिकवायचा आणि परिसराचीच ओळख नाही, हे काही बरं नव्हे. म्हणून हा लेख.

मी मूळची सांगोल्याकडची. आमच्याकडे तलावात पाणी असणं हीच बातमी असते. नोकरीनिमित्त गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आले तर इथे गावागावात तलाव आणि शेताशेतात बोड्या. बोडी म्हणजे शेतातला छोटा तलाव. मोठ्या तलावांना लोक 'मामा तलाव' म्हणतात. वर्गात विचारून बघा, निम्मी मुलं सांगतील की तो कोणाच्या तरी मामाचा! खरं म्हणजे 'माजी मालगुजारी'चं ते लघुरूप आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी धानाच्या शेतीसाठी त्यातले अनेक बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' ज्या नवेगावबांधवर आहे, तो तलावही याच तालुक्यातला.

आता मुद्द्याचं. नव्या गावात पक्षी-प्राण्यांचं पुस्तक हातात घेऊन तलावावर जाऊ नका. आधी मुलांकडून नावं घ्या, पुस्तक नंतर उघडा. इथली मुलं तलावाच्या पाळीला 'पार' म्हणतात, कारण झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो. आपण लगेच "पार नाही, पाळ म्हण" असं दुरुस्त केलं की मूल गप्प बसतं, आणि त्याच्याकडची पुढची दहा नावंही गप्प बसतात. मी वहीत दोन रकाने केले आहेत. एक 'आमचं नाव', दुसरा 'पुस्तकातलं नाव'. पहिला रकाना भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

माझ्या चौथीत ढिवर कुटुंबातली एक मुलगी आहे. वडील मासेमारी करतात. वाचनाच्या तासाला ती मान खाली घालून बसायची. पावसाळ्यात आम्ही पारीवर उभे होतो, एका मुलाने दगड उचलला तशी ती ओरडली, "तिथं गोटा नोका मारू, पिल्लं हायेत!" मला तर काहीच दिसेना. मग तिने बोट दाखवलं. पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा एक पुंजका हलत होता. ती मरळीची पिल्लं. नर-मादी खाली राहून त्यांची राखण करतात, कोणी जवळ आलं की अंगावर धावून जातात, हेही तिनेच सांगितलं. त्या दिवशी फळ्यावर सहा वाक्यं लिहिली, सगळी तिने सांगितलेली. दुसऱ्या दिवशी तीच तिने वाचली. अडखळत, पण वाचली. तिचं वाचन एकदम सुधारलं असं मी म्हणणार नाही. धड्यातल्या उताऱ्यांना ती अजूनही अडते. पण या मुलांना 'मागे पडलेली' म्हणताना आता माझी जीभ रेटत नाही. आणखी एक गंमत, मासे पकडणाऱ्या खंड्या पक्ष्याचं मराठीत दुसरं नाव धीवर आहे. हे सांगितलं तेव्हा ती जी हसली!

कमळपक्षी मुलांना जरूर दाखवा. लांबलचक बोटांमुळे तो तरंगत्या पानांवरून चालतो. मादी अंडी घालून निघून जाते, उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. यावर वर्गात जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते. सारस मात्र लांबूनच बघायचा. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः याच भागात, तोही अगदी थोडा उरला आहे. पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं करतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. घरट्यापाशी मुलांची सहल नेणं म्हणजे ती दोन अंडीही घालवणं.

हिरवं दिसतं ते सगळं चांगलं, असं मुलांना शिकवू नका. काठावरची गुलाबी फुलांची बेशरम दिसायला छान असते, पण ती बाहेरून आलेली वनस्पती आहे. ती माजली की मासे जिथे वाढतात तो उथळ काठच जातो. मासेमारी करणाऱ्यांना हे आपल्याआधी कळतं. त्यांना एकदा शाळेत बोलवा.

आता साप. पाण्यात दिसतो तो बहुतेक वेळा दिवड असतो, बिनविषारी. पण ओळखण्याची परीक्षा मुलांनी द्यायची नाही, लांब उभं राहायचं. नाग, घोणस, मण्यार हे विषारी सापही गावात असतात. मण्यार रात्री घरात शिरते, तिचा दंश फारसा दुखतही नाही. त्यामुळे जमिनीवर झोपू नका, खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपा. रात्री टॉर्चशिवाय बाहेर पाऊल नको. साप चावला तर मांत्रिकाकडे नाही, थेट सरकारी दवाखान्यात. आणि तलावावर जाताना नेहमी दोन मोठी माणसं सोबत हवीत, पाण्यात कोणीही उतरायचं नाही. पारीकडची बाजू सगळ्यात खोल असते.

उपक्रम सोपा आहे. महिन्यातून एकदा, त्याच जागी, वीस मिनिटं. जूनमध्ये पिवळेधमक झालेले मोठे बेडूक, थंडीत थापट्या आणि तलवार बदकं, उन्हाळ्यात चिखलातले पायांचे ठसे. सोबत पाण्याचीही नोंद ठेवा. आम्ही उथळ काठावरचं एक मोहाचं झाड धरलं आहे. झाडापासून पाण्यापर्यंत किती पावलं, हे दर महिन्याला मोजतो. पावलं कोणाची धरायची यावरून जानेवारीत चांगलंच भांडण झालं. पहिलीतल्या भावाला सोबत आणलेल्या एकाची पावलं सगळ्यांत जास्त भरली आणि तो जिंकलो म्हणून नाचायला लागला. फेब्रुवारीत मुलांनीच कोणाच्या तरी घरून मिस्त्रीकाकांचा टेप आणला.