मटकी टांगण्याआधी

बोईसरजवळ सरावलीत आमच्या गॅलरीत आज जे बजी आहेत, त्यांतला एकही मी विकत आणलेला नाही. सगळे कुणी ना कुणी आणून दिलेले. तारापूर एमआयडीसीत कामाला आलेल्या कुटुंबाचं कंत्राट संपतं, खोली सोडायची वेळ येते, भांडी-गाद्या टेम्पोत चढतात आणि पक्ष्यांचं काय करायचं हे शेवटच्या दिवशी आठवतं. "काकू, दोनच आणले होते हो. आता अकरा झालेत," म्हणत एक जोडपं असंच संध्याकाळी दारात आलं होतं. मिठाईच्या खोक्यात पक्षी एकमेकांवर चढले होते आणि खोक्याला भोकंही पुरेशी नव्हती.

दोनाचे अकरा का होतात, हे आधी समजून घ्यायला हवं. दुकानात लव्हबर्ड म्हणून मिळणारे बजी आणि लाल चोचीचे झेब्रा फिंच, दोघंही ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातले. तिथे पावसाचा भरवसा नाही. पाऊस झाला, गवतात दाणा भरला की वेळ न घालवता अंडी घालायची, ही त्यांची रीत. जॉन गूल्ड यांनी १८४० साली जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि पुढे ते जगभरच्या पिंजऱ्यांत पोचले, पण ती रीत अंगातून गेली नाही. आपण वाटी बाजरीने भरलेली ठेवतो, रोज पाणी बदलतो, वर घरट्यासाठी एक मटकी टांगतो. पक्ष्याच्या लेखी हा कधीच न संपणारा सुकाळ. मादी एका विणीतून उठते ती दुसरीवर बसते.

म्हणून पहिल्यांदा पक्षी घेणाऱ्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते. दुकानदार पिंजऱ्यासोबत मटकी देईल. ती घेऊ नका. मटकी नसली तर बजी सहसा अंडी घालत नाहीत आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही. खेळतात, भांडतात, छान जगतात. पिल्लं हवीच असतील, तर पाच-सहा पिल्लांना कोण नेणार त्यांची नावं आधी ठरवा. "बघू, कोणीतरी घेईल" यावर विसंबू नका. असे "कोणीतरी" शेवटी माझ्याच दारात येतात.

आमच्या शेजारच्या इमारतीतली एक हिरवी मादी माझ्या मनातून जात नाही. एकामागून एक विणी झाल्या, मटकी कोणी काढली नाही. एका थंडीच्या सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेली दिसली, शेपूट श्वासाबरोबर वरखाली होत होती. अंडं अडकलं होतं. घरातल्या कोणी सांगितलं म्हणून पोट चोळून ते बाहेर काढायचा प्रयत्न झाला, आणि दुपारपर्यंत ती गेली. पोट कधीही दाबू नका. आत अंडं फुटलं की पक्षी वाचणं कठीण. मादी अशी दिसली तर तिला लहान पिंजऱ्यात वेगळं करा, एका बाजूला बल्ब लावून ऊब द्या, दुसरी बाजू मोकळी ठेवा म्हणजे तिला सरकता येईल, आणि तडक डॉक्टर गाठा. मुळात ही वेळ येऊ द्यायची नसेल तर वर्षाची होईपर्यंत मादीला विणीला लावू नका, वर्षात दोनपेक्षा जास्त विणी घेऊ नका आणि पिल्लं उडाली की मटकी काढून घ्या. नुसती धुऊन परत टांगू नका.

कॅल्शियमसाठी महागडं काही लागत नाही. चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावर फिरताना माकुळाचं पांढरं कवच, म्हणजे समुद्रफेन, कधी कधी सापडतं. ते गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, उकळा, कडक उन्हात वाळवा आणि पिंजऱ्याला बांधा. काष्ठौषधीच्या दुकानातही मिळतं. नुसत्या बाजरी-राळ्यावर पक्षी जगतो, पण आतून पोकळ होतो. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, पालक धुऊन द्या, पिल्लं असताना उकडलेल्या अंड्याचा चुरा द्या. अव्होकाडो आणि चॉकलेट त्यांच्यासाठी विष आहे.

बजीची मादी एक दिवसाआड अंडं घालते, चार ते सहा, आणि एकटी उबवते; नर तिला भरवतो. अठराएक दिवसांनी पहिलं पिल्लू फुटतं. पुढचीही दिवसाआड फुटत असल्याने थोरलं आणि धाकटं यांत आठ-दहा दिवसांचं अंतर पडतं आणि धाकटं खाली चेंगरतं. म्हणून रोज एकदा मटकीत डोकावा. बजीला त्याचं फारसं वाटत नाही. मटकीचा तळ गुळगुळीत असतो, त्यावर पिल्लांचे पाय बाजूला फाकतात आणि तसेच राहतात, म्हणून तळाशी साध्या लाकडाच्या जाड भुश्याचा थर हवा. प्लायचा भुसा नको. महिन्याभराने पिल्लं बाहेर येतात. लाल मुंग्यांकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत.

फिंचचं सगळं वेगळं. ते नर-मादी आळीपाळीने उबवतात, दोन आठवड्यांच्या आत पिल्लं फुटतात, तीन आठवड्यांत घरट्याबाहेर. पण घरट्यात हात घातलेला त्यांना खपत नाही, कधी कधी सगळं टाकून देतात. काथ्या दिला तर बोटभर लांबीचे तुकडे द्या. लांब दोरा पायात गुंततो आणि पाय जातो. अंडी दिसली की काथ्या देणं बंद करा, नाहीतर नर अंड्यांवरच नवं घरटं रचतो. पिल्लांची काळी चोच केशरी झाली की नर-माद्या वेगळ्या करा, कारण भावंडंच जोड्या लावतात. आणि बजीसोबत एका पिंजऱ्यात फिंच ठेवू नका. बजीच्या चोचीत फिंचचा पाय काडीसारखा तुटतो.

आपल्या भागाच्या दोन गोष्टी. एक पावसाळा आणि उन्हाळा. जून ते सप्टेंबर दाण्याच्या पोत्याला बुरशी धरते आणि ती पक्ष्याच्या फुप्फुसात उतरते. दाणा थोडा थोडा आणा, वास घेऊन पाहा, कुबट वाटला तर टाकून द्या. मेच्या उकाड्यात बंद मटकीत पिल्लं होरपळतात. म्हणून मी विणीसाठी दिवाळी ते फेब्रुवारी एवढाच काळ सांगते.

दुसरी गोष्ट हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होतं, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पक्ष्याच्या श्वसनाची रचना अशी, की हवेतलं विष त्याच्या अंगात आपल्याआधी भिनतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत ते याचसाठी. रात्री उग्र वास सुटला तर पिंजरा गॅलरीतून आत घ्या, खिडक्या लावा. स्वयंपाकघरात मात्र ठेवू नका. रिकामा नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो. डासांसाठी कॉइल लावण्यापेक्षा पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका.

नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. पोपटवर्गातल्या पक्ष्यांपासून माणसालाही ताप आणि न्यूमोनिया होऊ शकतो, तेव्हा विष्ठा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आपल्या गोळ्या पाण्यात विरघळवून पाजू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई-बकऱ्या येतात. लहान पक्ष्यांचा अनुभव असलेला डॉक्टर शोधायला वसई-विरार किंवा मुंबई गाठावी लागू शकते. परळला जनावरांचं मोठं जुनं रुग्णालय आहे, पण ते बोईसरहून शंभरेक किलोमीटर. डॉक्टरांचा नंबर पक्षी आणण्याआधी लिहून ठेवा.

बाजारात कोणी मुनिया किंवा हिरवा पोपट देऊ केला तर घेऊ नका. रंगवलेली मुनियासुद्धा आपल्या भातशेतातलीच असते, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने हे देशी पक्षी पाळणं गुन्हा आहे. उलट, पिंजऱ्यात जन्मलेला बजी "मोकळा" सोडणं म्हणजे त्याला कावळ्या-शिक्र्याच्या तोंडी देणं. त्याला दाणा शोधता येत नाही.

पिल्लं द्यायची वेळ आली तर एकटं पिल्लू देऊ नका. दोन नर एकत्र द्या. बजीच्या मोठ्या नराच्या चोचीवरचा भाग निळा असतो, मादीचा तपकिरी. सोबत त्याच दाण्याची पंधरा दिवस पुरेल एवढी पिशवी द्या, म्हणजे नव्या घरी तो उपाशी बसणार नाही. मटकी देऊ नका.