दोघांसाठी हलका तंबू

प्रश्न : मी सावंगीला (मेघे) वैद्यकीय शिक्षण घेतो. डिसेंबरमध्ये मित्रासोबत हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जायचंय. तंबू कोणता घ्यावा?

उत्तर : वजन अडीच किलोच्या आत ठेवा, कापड एकाने, दांड्या दुसऱ्याने उचलाव्यात. मात्र तंबू दुहेरी कापडाचाच घ्या. एकेरी कापडात श्वासाची वाफ आतून साचते आणि पहाटे पांघरूण ओलं होतं. तुमच्याकडे वर्ध्याच्या कोरड्या हवेत हे चटकन लक्षात येत नाही. गड १४२४ मीटर उंच, कोकणकड्यावर वारा बेफाम. त्यामुळे फायबरपेक्षा ॲल्युमिनियमच्या दांड्या बऱ्या. ‘दोघांचा’ तंबू म्हणजे खांद्याला खांदा. सॅकसाठी दाराशी आडोसा हवाच. निघण्यापूर्वी वसतिगृहाच्या गच्चीवर एकदा अंधारात उभारून बघा, आणि गडावर कड्यापासून लांबच मुक्काम करा.