परसदारातील भक्षक आणि भक्ष्य : ऊसपट्ट्यातील सहअस्तित्वाचे अर्थकारण

वन्यजीव संरक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांच्या सीमेतच होते. प्रत्यक्षात अनेक वन्य प्राणी या सीमा मानत नाहीत. राजस्थानातील जवाईच्या टेकड्यांत रबारी पशुपालकांच्या शेजारी बिबटे राहतात, तर सौराष्ट्रात सिंह गावांच्या शिवारात वावरतात. पश्चिम महाराष्ट्रातील जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या तालुक्यांत घरामागच्या उसात बिबट्याची मादी पिलांना जन्म देते आणि त्याच घराच्या अंगणात शेळ्या बांधलेल्या असतात. भक्षक आणि भक्ष्य एकाच परसदारात आल्यावर कोणते आर्थिक प्रश्न उद्भवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पर्यावरण, कृषी आणि सार्वजनिक धोरण या तिन्ही घटकांच्या दृष्टीने हा विषय स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना उपयुक्त आहे.

ऊस : मानवनिर्मित अधिवास

कुकडी प्रकल्पासारख्या सिंचन योजनांमुळे एकेकाळी कोरडवाहू असलेल्या या भागात बारमाही पाणी आले आणि त्यापाठोपाठ ऊस आला. सुरू हंगामाचा ऊस सुमारे बारा महिने, तर आडसाली ऊस अठरा महिन्यांपर्यंत शेतात उभा असतो. त्यामुळे बिबट्याला आडोसा, पाणी आणि शांतता या तिन्ही गोष्टी मिळतात. उसात उंदीर असतात आणि उंदरांमागे धामण, घुबड, मुंगूस व रानमांजर येतात. या साखळीच्या शिखरावर बिबट्या आहे. साखर हंगामात तोडणी सुरू झाली की हा अधिवास काही आठवड्यांत नाहीसा होतो. तोडणीच्या वेळी पिले सापडतात ती यामुळेच, आणि माणूस व बिबट्या समोरासमोर येण्याचे प्रसंगही त्या काळात वाढतात.

गणित कोठे बदलते?

आल्फ्रेड लोटका (1925) आणि व्हितो व्होल्टेरा (1926) यांनी भक्ष्य-भक्षक संबंधाचे गणिती प्रतिमान मांडले. त्यानुसार भक्षक वाढले की भक्ष्य घटते, भक्ष्य घटले की उपासमारीने भक्षक घटतात आणि त्यानंतर भक्ष्य पुन्हा वाढते. परसदारात मात्र या प्रतिमानातील एक महत्त्वाचे गृहीतक लागू पडत नाही. येथील भक्ष्याचे संगोपन निसर्ग नव्हे, तर माणूस करतो. उघड्यावरील कचरा व मृत जनावरे यांवर भटकी कुत्री वाढतात. शेळ्या-मेंढ्या दावणीच्या चाऱ्यावर जगतात, आणि एक गेली तर शेतकरी बाजारातून दुसरी आणतो. परिणामी भक्षकाची संख्या रोखणारा नैसर्गिक लगाम सैल होतो. अर्थशास्त्राच्या भाषेत हे बिबट्याला मिळणारे अप्रत्यक्ष अनुदान होय.

अकोले परिसरातील संशोधनातून याला पुष्टी मिळते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, दर चौरस किलोमीटरमागे तीनशेहून अधिक लोकवस्ती असलेल्या या भागात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 4.8 प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहाराच्या अभ्यासात वजनाच्या हिशेबाने 87 टक्के भक्ष्य पाळीव वा वस्तीत वाढलेल्या प्राण्यांचे होते. त्यांपैकी एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता, तर शेळ्यांचा त्याहून बराच कमी होता.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

2022 च्या देशव्यापी गणनेनुसार भारतात बिबट्यांची अंदाजित संख्या 13,874 होती. 2018 मध्ये ती 12,852 होती. महाराष्ट्रातील संख्या 1,985 असून मध्य प्रदेशानंतर (3,907) राज्याचा दुसरा क्रमांक लागतो. ही गणना मुख्यतः वाघांच्या अधिवास असलेल्या राज्यांतील वनक्षेत्रांची आहे, हे ध्यानात घ्यावे. ऊसपट्ट्याचे पूर्ण चित्र तीत उमटत नाही.

बिबट्याच्या अस्तित्वाचे मूल्य संपूर्ण समाजाला मिळते. काही लाभ स्थानिकही असतात. मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे बिबटे भटक्या कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवतात आणि त्यामुळे श्वानदंश व त्यावरील उपचारांचा खर्च कमी होतो, असे 2018 मधील एका अभ्यासाने दाखवले. याला धन बाह्यता म्हणतात.

ऋण बाह्यता मात्र थोड्या कुटुंबांवर केंद्रित होते. दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन स्त्रीची एक शेळी गेली तर तिचे निम्मे भांडवल जाते. कोपीत राहणारी ऊसतोड मजुरांची मुले आणि उघड्यावर वाडा लावणारे धनगर मेंढपाळ यांची जोखीम बागायतदारापेक्षा कितीतरी अधिक असते. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचेही बळी गेले आणि संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. शिवाय काही खर्च कोणत्याही पंचनाम्यात नोंदले जात नाहीत. रात्रीच्या विजेवर पाणी भरताना वाटणारी भीती, सायंकाळी बंद होणारी शेतकामे आणि मुलांची बुडणारी शाळा हे त्यांपैकी काही होत.

स्थलांतराचा धडा

बिबट्या पकडून दूरच्या जंगलात सोडावा, ही मागणी स्वाभाविक आहे. जुन्नर वन विभागात 2001 पासून हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, त्यापूर्वी माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी 4 होती. स्थलांतर सुरू झाल्यानंतरच्या तीन वर्षांत ती 17 झाली. याची संभाव्य कारणे विचारात घेण्यासारखी आहेत. पकडलेला प्राणी तणावग्रस्त होतो, अनोळखी प्रदेशात माणसांच्या वस्तीत शिरतो किंवा मूळ जागी परतू पाहतो. रिकाम्या जागेवर दुसरा बिबट्या येतो, कारण भक्ष्य तेथेच असते. पुरवठा कायम ठेवून केवळ ग्राहक हलवल्यास मागणी संपत नाही, हा त्यातील धडा होय. केंद्र सरकारच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांनीही अशा स्थलांतरास प्रतिकूल भूमिका घेतली.

कायदेशीर चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये बिबट्याचा समावेश आहे. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या सहावरून चार केली, तरी बिबट्याचे हे स्थान कायम राहिले. मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या प्राण्याबाबत कलम 11 अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून परवानगी देऊ शकतात. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेली अनुच्छेद 48क व 51क(छ) ही या धोरणाची घटनात्मक बैठक आहे.

उपाययोजनांची दिशा

1. बंदिस्त गोठा : छतासह जाळीचा गोठा उभारण्यासाठी अनुदान देणे हा सर्वांत किफायतशीर उपाय आहे. पशुधन सुरक्षित झाले की बिबट्याचे वस्तीकडे येण्याचे प्रयोजन घटते.

2. शीघ्र भरपाई : भरपाई उशिरा मिळाली तर मृत जनावरावर विष टाकण्याची प्रवृत्ती बळावते. ती बिनशर्त मिळाली तर गोठा बांधण्याची निकड उरत नाही. यालाच नैतिक जोखीम म्हणतात. म्हणून भरपाई तत्पर हवी आणि तिला प्रतिबंधक गुंतवणुकीची जोड हवी.

3. कचरा व कुत्र्यांचे नियंत्रण : ग्रामपंचायतीने मृत जनावरांची विल्हेवाट लावणे आणि कुत्र्यांचे निर्बीजीकरण करणे, म्हणजे भक्ष्याला मिळणारे अनुदान कमी करणे होय.

4. दिवसा वीज : कृषी वाहिन्यांचे सौर ऊर्जीकरण हा ऊर्जा धोरणाचा विषय मानला जातो. या भागात तो जीवितरक्षणाचाही विषय आहे.

5. ऊसतोड मजुरांसाठी सुरक्षित निवारा : साखर कारखाना ज्या उसावर चालतो, त्याच उसात ही जोखीम आहे. म्हणून निवाऱ्याचा खर्च ऊस उत्पादनाच्या खर्चाचा भाग मानला पाहिजे.

समारोप

बिबट्या ऊसपट्ट्यात चुकून आलेला नाही. सिंचन, पीकपद्धती आणि कचरा व्यवस्थापन यांविषयीच्या आपल्या निर्णयांनी त्याच्यासाठी तेथे जागा केली आहे. नरभक्षक ठरलेल्या एखाद्या प्राण्यावर तातडीची कारवाई करावी लागेल, परंतु ती धोरणाची जागा घेऊ शकत नाही. संरक्षणाचा लाभ राष्ट्राला मिळत असेल, तर त्याची किंमत अंगणात शेळी बांधणाऱ्या कुटुंबाने एकट्याने मोजावी हे न्याय्य नाही. त्या किमतीची समन्यायी वाटणी हीच सहअस्तित्वाची पहिली अट आहे.

सरावासाठी प्रश्न

1. बाह्यता व नैतिक जोखीम या संकल्पना मानव-वन्यजीव संघर्षाच्या आधारे स्पष्ट करा.

2. भक्ष्य-भक्षक प्रतिमान ग्रामीण वस्तीला जसेच्या तसे का लागू पडत नाही?

3. ‘बिबट्यांचे स्थलांतर हा प्रश्नाचा उपाय नसून प्रश्नाचे स्थलांतर आहे.’ चर्चा करा.