वाळा

उन्हाळ्यात माठातल्या पाण्याला गोड वास आला, तर समजावे, आत वाळ्याची जुडी आहे. हा वाळा म्हणजे पोराच्या पायातला वाळा नव्हे, बरे का! ही एका गवताची मुळे आहेत. हिंदीत त्याला खस म्हणतात. पण खसखस निराळी. ती अफूच्या बोंडातली बी.

वाळ्याचे गवत दिसायला साधे. पुरुषभर उंच वाढते. त्याचे पान चुरगळून पाहा. वास येत नाही. सगळा वास जमिनीखाली, मुळांत.

जुन्या लोकांनी या मुळांचे पुष्कळ उपयोग केले. मुळे धुऊन, वाळवून माठात टाकली. त्यांचे पडदे करून दारात टांगले आणि वर पाणी शिंपडले. पाणी वाळताना उष्णता ओढून घेते. म्हणून आत येणारा वारा गार लागतो. दिवाळीच्या उटण्यात वाळा असतो. कपड्यांच्या पेटीतही ठेवतात. कनौज गावी त्याचे अत्तर काढतात.

पण मंडळी, वाळ्याचे याहून मोठे एक काम आहे. ते आम्ही चूक करून शिकलो.

आमच्या शेताच्या बांधावर वडिलांनी वाळा लावला होता. एका उन्हाळ्यात आम्ही तो सगळा खणून काढला. थोडा शाळेच्या माठांत घातला, बाकीचा विकला. चार पैसे आले. आम्ही खूष!

आषाढात मोठा पाऊस झाला. सकाळी जाऊन पाहतो, तो बांध फुटलेला. वावरातली काळी माती ओढ्याला गेलेली. शेजारचे आबा म्हणाले, "गुरुजी, वाळा नेलात, त्याच्यासंगं बांध बी गेला की!" आम्ही काय बोलणार? आयुष्यभर मुलांना शिकवले, पण हा धडा आबांनी आम्हाला दिला.

असे का झाले? वाळ्याची मुळे आडवी पसरत नाहीत. सरळ खाली जातात. चांगल्या जमिनीत ती 3 ते 4 मीटर, म्हणजे दोन पुरुष खोल जातात. माती धरून ठेवतात. वरचे दाट गवत वाहत्या पाण्याचा जोर मोडते. पाणी हळूहळू पुढे जाते, माती मागे राहते. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी फार पूर्वीपासून शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले आहेत. 1980 नंतर जागतिक बँकेच्या शेतीतज्ज्ञांनी या गवताचा अनेक देशांत प्रसार केला.

लावायचा कसा? पाऊस सुरू झाला की जुने ठोंब फोडावे. दोन-तीन फुटव्यांचा एकेक ठोंब घ्यावा. उताराला आडवी ओळ धरावी. दोन ठोंबांत अर्ध्या वितीचे अंतर ठेवावे. मर लागली तर तेथे दुसरा ठोंब लावावा. दोन-तीन वर्षांत दाट कुंपण होते.

मग माठासाठी मुळे कोठून आणायची? त्यासाठी घराजवळ सपाट जागेत वेगळा वाफा करावा. दीड वर्षाने त्यातली मुळे खणावी. बांधावरचा वाळा मात्र खणू नये. त्याची पाने कापावी, छपराला वापरावी. मुळांना हात लावू नये.

आम्ही बांध पुन्हा घातला, वाळाही लावला. गेलेली माती मात्र परत आली नाही.

सांगा पाहू :
1. वाळ्याचा वास कोठे असतो?
2. बांधावरचा वाळा का खणू नये?
3. तुमच्या शेतातले पाणी कोणत्या बाजूने वाहते? तेथे काय लावाल?